बातमीचं शेपूट

चूक माझीच. मुलाखत संपली तरी आमचा कॅमेरामन थोडा वेळ रेकॉर्डिंग चालू ठेवतो. ते शेपूट कापणं माझं काम. त्या दिवशी घाईत राहून गेलं. चौकातलं बंद पडलेलं घड्याळ चालू करणाऱ्या म्हाताऱ्या घड्याळवाल्याची, त्यांच्याच दुकानात घेतलेली मुलाखत होती. शेपटात त्यांनी हातातल्या बारीक ब्रशनं आमच्या बातमीदार मुलीच्या खांद्यावरची धूळ झटकली. ती दचकून मागे सरली.

कुणीतरी तेवढाच तुकडा उचलला, वर गाणं चढवलं, आणि तो जो सुटला तो थांबेना. आधी लोक हसले. मग कुणी विचारलं, परक्या मुलीच्या अंगाला हात लावतोच कसा हा? तिसऱ्या दिवशी दुकानाच्या शटरवर कुणी शिवी लिहून गेलं.

मी मूळचीच भोचक. ही दचकली, पण चिडली कशी नाही, हे मला स्वस्थ बसू देईना. मूळ रेकॉर्डिंग काढलं, हेडफोन लावले. भिंतभर घड्याळांच्या टिकटिकीत, तिच्या कॉलरच्या माइकवर, अगदी हळू आवाज आला, "बाबा, कॅमेरा चालू आहे."

चारदा ऐकलं. मग तिला बोलावलं.

"हो, वडील आहेत माझे," ती म्हणाली. "मी त्यांचं दुकान सोडून इथे नोकरीला आले, तेव्हापासून अबोला. चार वर्षं झाली."

नात्यातल्या माणसाची मुलाखत घेतली तर नोकरीवर गदा येते, हे आमच्या शिपायालाही ठाऊक आहे.

"मग साहेबांना सांगितलं का नाहीस?"

"दुसऱ्या कुणाला पाठवलं असतं ना. मला बघायचं होतं, कसे आहेत ते." मग म्हणाली, "आवाजासकट टाक ते."

"विचार कर, बाई."

"केला. टाक."

चॅनेलचं पान माझ्याच हातात होतं. टाकलं. शिव्या थांबल्या आणि साहेबांनी तिला घरी बसवलं. मला नुसतंच झापलं, याची मला लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी माफी मागायला दुकानात गेले. आत पाऊल टाकलं आणि काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. भिंतीवरचं एकही घड्याळ चालू नव्हतं. म्हातारबुवा मोबाइल कानाला लावून बसले होते. त्यांनी मला हातानंच थांबवलं.

"त्या दिवशी टिकटिकीत ऐकूच आलं नाही हो, ती बाबा म्हणाली ते," ते म्हणाले. "म्हणून सगळी बंद केली."

"तिला फोन लावून देऊ?"

"द्या ना," ते म्हणाले. "पण आधी आणखी एकदा ऐकतो."