डावा मोर

१९९५ साली तिरुभुवनमच्या विणकरांच्या रेशीम सोसायटीत साड्यांची नक्षी कॉम्प्युटरवर ठेवायचं काम माझ्याकडे होतं. वर्षभरात कॉम्प्युटरला जोडलेली डिस्कची पेटी भरत आली, म्हणून सेक्रेटरी चंद्रमौळींनी मद्रासहून कंपनीचा इंजिनिअर बोलावला. तो हात हलवत आला.

"नवी डिस्क कुठाय?" मी विचारलं.

"पेटीतच आहे, मॅडम. निम्मी जागा बंद ठेवलेली असते. लायसन्सचे पैसे भरा, मी एक आकडा टाइप करतो की उघडते."

माझं डोकंच फिरलं. विकलेल्या साडीचा पदर शिवून टाकायचा आणि उसवायचे वेगळे पैसे मागायचे, असला धंदा आम्ही कधी केला नव्हता. "आठ दिवसांनी या," मी म्हटलं.

तो परत आला तेव्हा चंद्रमौळी चेकबुक काढून बसले होते. मी त्यांना स्क्रीन दाखवला. सगळी नक्षी जागेवर होती आणि उघडी जागासुद्धा निम्मी रिकामी.

"काय पुसलंत?" इंजिनिअर घाबरला.

मी बटण दाबलं. काठावर दोन मोर समोरासमोर उभे राहिले. "पेटीत फक्त डावा ठेवलाय. उजवा त्यालाच उलटा करून काढते."

चंद्रमौळींनी चेकबुक मिटलं.

"हा कोर्स कुठे केलात, मॅडम?" इंजिनिअरनं विचारलं.

"मागावर निम्मीच नक्षी बांधतात, उरलेली उलटी होऊन आपोआप उतरते. आमच्या शिवकामीअम्मांनी शिकवलं. त्या बघा, चौथ्या मागावर बसल्यात. कॉम्प्युटरला त्यांनी अजून हात लावलेला नाही."