धुरपताबाईंच्या टाक्यांचा ठोकळा

मित्रांनो, माझा पंखा आता घरघरतो आणि चार्जर काढला की मी बंद पडतो. केनवडजवळच्या एका बंजारा तांड्यावरचा मी जुना लॅपटॉप. तरी तुमच्याशी मान ताठ ठेवून बोलतो आहे, कारण माझ्यावर एक मोठं काम झालं आहे.

पाच वर्षं मी एका कचेरीत नुसती पत्रं लिहिली. मग कारंज्याच्या एका दुकानात धूळ खात पडलो. तिथून मला उज्ज्वलाने घरी आणलं. ती कॉलेजात शिकत होती आणि तिला संगणकावरच्या एका खेळाचं वेड होतं. त्यात ठोकळ्यावर ठोकळा रचून घरं, पूल, अख्खी गावं उभी करतात. एकदा खेळ बनवणाऱ्यांनी जाहीर केलं, की खेळाडूंनी सजावटीचे नवे ठोकळे तयार करून पाठवावेत. निवडलेले ठोकळे जगभर सगळ्यांना मिळतील.

उज्ज्वलाची आई धुरपताबाई ऊसतोडीला जाते. उरलेल्या महिन्यांत ती बंजारा भरतकाम करते. लाल कापड, रंगीत दोरे, लुकलुकत्या काचा! उज्ज्वलाने तीच नक्षी ठिपक्याठिपक्याने माझ्या पडद्यावर उतरवली आणि ठोकळा पाठवला. तो परत आला. 'काचा फार आहेत. याची भिंत बांधली की खेळ अडखळतो. चार दिवसांत सुधारून पाठवा,' असं उत्तर होतं.

"याडी," उज्ज्वला आईला रडवेली होऊन म्हणाली, "काचा काढल्या तं आपलं काम राह्यलंच काय?"

धुरपताबाई माझ्यासमोर वाकली. "इतक्या काचा कायले लावल्या वं? डोये दिपून राह्यले. मधात एकच ठेव. बाकीचं काम दोरा करते."

मग ती शेजारी बसून एकेक टाका सांगत गेली. मी तापलो, दोनदा बंदही पडलो. पण चौथ्या दिवशी ठोकळा गेला, आणि निवडला गेला! नावाच्या जागी उज्ज्वलाने लिहिलं, 'धुरपता'.

"माहं नाव कायले? म्या तं याले हातबी नाही लावला."

"टाके तुहे हायत, याडी."

ऊसतोडीहून परतल्यावर धुरपताबाईला लेकीने पडद्यावर एक घर दाखवलं. ब्राझीलच्या एका मुलीने त्याची भिंत 'धुरपता' ठोकळ्यांनी बांधली होती. बाईने बोट फिरवत नक्षी तपासली आणि ती खळखळून हसली.

"उलटी लावली वं पोरीनं! राहू दे. सुंदर दिसून राह्यली."

त्या क्षणी माझ्याइतकं श्रीमंत यंत्र जगात नव्हतं.

मित्रांनो, जुनी यंत्रं लगेच टाकू नका, त्यांची धूळ पुसा. आणि घरातल्या माणसांच्या हातात कोणती कला आहे, ते त्यांच्या शेजारी बसून विचारा. ती कला घेतलीत, तर नाव त्यांचंच लिहा.