कॉव्हेंट्रीच्या ग्रोटची तपकिरी पाकिटं

मित्रांनो, मी इंग्लंडमधला, चांदीचा एक जुना ग्रोट आहे. ग्रोट म्हणजे चार पेनींचं नाणं. तुमच्यापैकी बहुतेकांनी हे नावही ऐकलं नसेल, पण त्यात तुमची काही चूक नाही. आकाराने मी आजच्या दहा पेनीच्या नाण्याएवढा असलो, तरी पत्र्यासारखा पातळ आहे. एका बाजूला मुकुट घातलेला राजा, दुसऱ्या बाजूला माझ्या गावाचं नाव: कॉव्हेंट्री.

साडेपाचशे वर्षांपूर्वी या गावात थोडा काळ एक टांकसाळ चालू होती. खाली एक ठसा, वर एक ठसा, मध्ये चांदीची चकती. वरून हातोडीचा एक घाव बसला आणि मी जन्मलो. टांकसाळ लवकरच बंद पडली, त्यामुळे आम्ही भावंडं मुळातच थोडी. मी कुणाच्या तरी थैलीतून पडलो आणि एका ओढ्याकाठच्या शेतात पाचशेहून जास्त वर्षं मातीत पडून राहिलो. त्या वर्षांबद्दल सांगण्यासारखं काही नाही. अंधार होता आणि ओल होती.

मला बाहेर काढलं डेरेक नावाच्या एका निवृत्त बसड्रायव्हरने. मेटल डिटेक्टर घेऊन शेतं फिरायचा त्याला नाद होता. त्याच्याकडून मी आलो हरीश टिपणीस यांच्याकडे.

टिपणीस तरुणपणी पुण्याहून कॉव्हेंट्रीला आले आणि तीस वर्षं मोटारींच्या कारखान्यात डाय बनवत राहिले. डाय म्हणजे ठसाच. त्यांच्या ठशातून मोटारींची दारं निघायची. कारखाना बंद झाला तेव्हा हात रिकामे झाले आणि ते माझ्या भावंडांच्या मागे लागले. मला पहिल्यांदा भिंगाखाली धरलं, तेव्हा राजाच्या मुकुटाजवळ उठलेली बारीक रेघ बघून ते स्वतःशीच म्हणाले, "ठसा तडकलाय. तरी ठोकत राहिलेत. वरून घाई असणार बिचाऱ्यांना."

इतक्या वर्षांत मला सगळ्यांनी चांदी म्हणून पाहिलं होतं. मला घडवणाऱ्या कारागिरांची कीव करणारा हा पहिला माणूस.

त्यांनी पंचवीस वर्षांत आम्हा एकतीस ग्रोटना गोळा केलं. गोळा करणं हे निमित्त होतं. कुठलं नाणं कुठल्या ठशाचं आणि ते कुठल्या मातीत सापडलं, हे जुळवून त्यांना शोधायचं होतं की कॉव्हेंट्रीचा पैसा तेव्हा कुठवर पोचला. त्यासाठी ते नाणं ज्याला सापडलं त्या प्रत्येकाला भेटायचे, त्याच्यासोबत शेतात जाऊन उभे राहायचे. घरी आले की नाणं एका छोट्या तपकिरी पाकिटात घालायचे आणि पाकिटावर पेन्सिलीने मराठीत लिहायचे. काय लिहायचे ते मला कधी कळलं नाही, कारण मी आत असायचो. मला फक्त पेन्सिलीचा दाब जाणवायचा.

मालविका ही केंब्रिजला जुन्या नाण्यांवर संशोधन करणारी मुलगी. टिपणिसांनी तिच्या संग्रहालयाला पत्र लिहिलं, आणि सही बघून तिने थेट मराठीत फोन केला. मग वरचेवर बोलणं होऊ लागलं.

"काका, हे कुणीच केलेलं नाहीये," ती म्हणायची. "प्लीज, आता लिहून काढा. निदान पाकिटांचे फोटो तरी पाठवा."

"अगं, अक्षर माझं मलाच लागत नाही, तुला काय लागणार? ग्लासगोला एक ग्रोट आहे, तेवढा बघून येतो. मग एकदाच नीट लिहितो."

गेल्या हिवाळ्यात ते ग्लासगोला जाऊन आले. तिथला ग्रोट त्यांनी पाहिला. परत आल्यावर आठवडाभरात त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात गेला आणि वाचा गेली. त्यांना सगळं कळत होतं, पण तोंडातून शब्द निघत नव्हता.

त्यांची मुलगी वरदा बर्मिंगहॅमहून राहायला आली. आई आधीच गेलेली, त्यामुळे सगळा भार तिच्या एकटीवर. सकाळी हॉस्पिटल, दुपारी लॅपटॉपवर ऑफिस. बाबा घरी येणार म्हणून तिने त्यांची खोली आवरायला घेतली आणि आमचा बुटांचा खोका तिच्या हाती लागला. तिला काय वाटलं असेल, ते मी समजू शकतो. मळकी, कोपरे फाटलेली पाकिटं होती ती. तिने निळ्या मखमलीचा एक सुंदर अल्बम मागवला. दोन संध्याकाळी बसून आम्हाला एकेक करून मऊ कापडाने पुसलं आणि कप्प्यांत लावलं. इतक्या हळुवार हातांनी मला आजवर कुणी हाताळलं नव्हतं. रिकामी पाकिटं तिने रिसायकलिंगच्या निळ्या बिनमध्ये टाकली. गुरुवारी गाडी येऊन घेऊन गेली.

टिपणीस घरी आले, तेव्हा तिने अल्बम त्यांच्या मांडीवर ठेवला.

"बाबा, सरप्राइज! बघा, सगळे कॉइन्स एका जागी. ती जुनी पाकिटं किती घाणेरडी झाली होती, मी टाकून दिली."

त्यांनी डाव्या हाताने एक पान उलटलं, मग दुसरं. ओठ हलले, आवाज आला नाही. डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

"अहो बाबा, रडू नका ना," वरदा त्यांना मिठी मारून म्हणाली. "मला माहीत होतं, तुम्हाला आवडणार."

मी तिथेच होतो, मित्रांनो. पहिल्या पानावर, डावीकडून तिसरा.

महिन्याभराने मालविका त्यांना भेटायला आली. अल्बम बघून तिने कौतुक केलं आणि सहज विचारलं, "आणि काकांची पाकिटं? त्यांनी प्रत्येक नाण्याचं लिहून ठेवलंय ना त्यावर?"

वरदाने मालविकाकडे पाहिलं, मग वडिलांकडे. "त्याच्यावर... मला वाटलं प्राइस वगैरे असेल. मला मराठी वाचता नाही येत." मग ती वडिलांच्या पायाशी बसली. "बाबा, सगळं होतं त्याच्यात?"

टिपणिसांनी डावा हात कसाबसा उचलून तिच्या डोक्यावर ठेवला. खूप धडपडून त्यांच्या तोंडून दोन शब्द बाहेर पडले. आजारपणात ते एवढंच बोलले.

"असू... दे."

उन्हाळा लागायच्या आत ते गेले. वरदाने आम्हा सगळ्यांना केंब्रिजच्या संग्रहालयाला देऊन टाकलं. ठसे मालविकाने पुन्हा जुळवले. ठशांच्या तड्यांच्या खुणा आमच्या अंगावरच आहेत. पण कोण कुठल्या मातीतून आला, हे आमच्या अंगावर नसतं. डेरेक केव्हाच वारला, ज्यांना नाणी सापडली ते बाकीचेही बहुतेक गेले. आता माझ्याखालच्या चिठ्ठीवर लिहिलंय: सापडल्याचं ठिकाण माहीत नाही.

त्यानंतर एक दिवस वरदा केंब्रिजला आली. वडिलांचे कपडे चॅरिटी शॉपला देताना कोटाच्या आतल्या खिशात तिला एक तपकिरी पाकीट मिळालं होतं. ग्लासगोच्या ग्रोटशी ताडून बघायला टिपणिसांनी माझं एक भावंड सोबत नेलं होतं, ते पाकिटासकट खिशातच राहिलं होतं. अल्बममध्ये आम्ही एकतीसऐवजी तीसच होतो, पण मुळात किती होतो हे वरदाला ठाऊकच नव्हतं.

"वाचून दाखव ना," ती मालविकाला म्हणाली.

मालविकाने पाकीट दिव्याखाली धरलं आणि सावकाश वाचलं.

"वॉरिकच्या वाटेवरचं शेत, गहू नुकताच कापलेला. टीचभर खोल. ठसा दुसरा. वरदा सोबत, वय सात. माती तिने पुसली. म्हणाली, बाबा, राजा हसतोय. तिचा बूट चिखलात रुतून बसला, खांद्यावर घेऊन आणली. वाटेत झोपली."



"मला हे आठवतच नाहीये," वरदा म्हणाली. मग तिने आमच्या ट्रेकडे पाहिलं. "बाकीच्यांवर पण असंच असणार?"

मालविकाने पाकीट वरदाच्या हातात ठेवलं.

मित्रांनो, तुमच्या घरातही कुणी काहीबाही जपून ठेवत असेल. ते मळलेलं असेल, त्यावरचं अक्षर तुम्हाला लागत नसेल. ते आवरायला घेण्याआधी त्या माणसाजवळ बसा आणि विचारा, हे काय आहे? त्याला सांगता येतंय, तोवर विचारा. माझ्या पाकिटावर काय लिहिलं होतं, ते वरदाला आता कुणीच सांगू शकणार नाही.