मिस जूडीची पाठ

माझ्या नणंदेला, लेम्पीला, पोहता येत नाही. सगळा जन्म लेक सुपीरियर सरोवराच्या काठी गेला, पण गुडघ्याच्या वर पाणी तिने कधी येऊ दिलं नाही. तरी बेटावर जायचं म्हटलं की ही बाई सगळ्यांच्या आधी बोटीत चढून, मांडीवर कॉफीचं भांडं धरून बसलेली असायची.

बेटावर त्यांचा कँप आहे. झाडीतल्या किंवा पाण्याकाठच्या लहान घराला आमच्याकडे कँपच म्हणतात. लेम्पीच्या नवऱ्याने, रेनोने, खाणीतली पाळी संपल्यावर आणि सुट्टीच्या दिवशी, असं करत करत तो उभा केला. दोन खोल्या, एक सौना, म्हणजे तापल्या दगडांवर पाणी टाकून वाफ घ्यायची खोली, आणि पाण्यात उतरलेला लाकडी धक्का. शाळा सुटली की आम्ही बायका मुलांना घेऊन तिथे जायचो, ते ब्लूबेरी संपेपर्यंत राहायचो. पुरुष शनिवारी यायचे. सौना झाली की धक्क्यावर ओळीने बसून, दातांत साखरेचा खडा धरून आम्ही बशीतून कॉफी प्यायचो आणि सूर्य काही केल्या मावळायचा नाही. आता त्या ओळीतली मी, लेम्पी आणि माझा नवरा आर्विड एवढेच उरलोय. आर्विड तिचा धाकटा भाऊ. धाकटा म्हणजे ऐंशीचा.

रेनो गेला तशी त्याची बोट आमच्या गोठ्यात आली आणि ताडपत्रीखाली पडून राहिली. लेम्पी मग शेजारच्या मासेमारांच्या होडीतून बेटावर जायची. त्यातल्या एकाने धंदा बंद केला, दुसरा लेकीकडे ॲरिझोनाला गेला. गेल्या उन्हाळ्यात तिला एकदाच जायला मिळालं, तेही जाळी काढायला निघालेल्या माणसाबरोबर, संध्याकाळी परत यायच्या बोलीवर.

नाताळात तिचा मुलगा डेल ग्रीन बेहून आला. मुलगा वाईट नाही. बर्फ उपसून दिलं, आईच्या गाडीचे टायर बदलले, आणि मग आमच्या स्वयंपाकघरात टोपी हातात फिरवत विषय काढला. शिकागोच्या कोणा माणसाला बेटावरची ती जागा हवी होती.

"आई, वर्षातून एक दिवस जाण्यासाठी घर कशाला ठेवायचं? आणि त्या होड्यांमध्ये तू उड्या मारत चढतेस, मला तिकडे झोप लागत नाही."

"मग दुपारी झोपत जा."

"चेष्टा नाही करत मी. युहान्नुसला येईन तेव्हा ठरवू. तोवर तो थांबायला तयार आहे."

युहान्नुस म्हणजे जूनअखेरचा आम्हा फिनिश लोकांचा मोठा सण. रात्र नावापुरती असते, काठावर होळी पेटवतात.

"आणि स्वतःच्या बोटीने मला जाता आलं तर?" लेम्पीने विचारलं.

"कुठली बोट?"

"गोठ्यातली."

डेलने मामाकडे पाहिलं. आर्विड चुलीकडे बघत होता. "बघू," डेल म्हणाला. त्याच्या वडिलांची 'नाही' म्हणायची हीच पद्धत होती.

तो गेल्यावर लेम्पी आर्विडला म्हणाली, "ऐकलंस ना? 'बघू' म्हणाला. दाखवायला काहीतरी पाहिजे."

बोट साठ सालच्या आसपासची, फायबरची. त्या वेळी फायबर नवं होतं. त्याचा भरवसा कोणालाच नव्हता, म्हणून बनवणाऱ्यांनी थरावर थर चढवून ठेवले. आजची बोट ठोकली तर पत्र्यासारखी वाजते, ही दगडासारखी. पुढे बुटकी केबिन, आत दोन अरुंद बाकं, मागे उघडी जागा. कडेला निळ्या अक्षरांत आधीच्या मालकाने लिहिलेलं 'मिस जूडी'. बोटीचं नाव बदललं की अपशकुन होतो म्हणून रेनोने ते तसंच ठेवलं. लेम्पी त्याला जन्मभर विचारत राहिली, "कोण रे ही जूडी?" तो म्हणायचा, "तुझ्यापेक्षा कमी बोलते, एवढंच मला माहीत आहे."

मे महिन्यात गोठ्यामागचं बर्फ वितळलं आणि आम्ही ताडपत्री काढली. आत उंदरांनी तीन पिढ्यांचा संसार थाटलेला. आम्ही तिघंही पेन्शनवर जगणारी माणसं, त्यामुळे नवं काही आणायचं नाही हे न बोलता ठरलेलं होतं. बाकांच्या गाद्यांना मी जुन्या शिकारीच्या तंबूचं कापड शिवलं. केबिनच्या खिडक्या चिरल्या होत्या. बंद पडलेल्या डेअरीच्या काउंटरवरचं प्लास्टिक आर्विडने मागून आणलं आणि करवतीने कापून बसवलं. हार्डवेअरच्या दुकानात कोणासाठी तरी चुकीचा मिसळलेला रंग पडून होता, धड पिवळा नाही, धड पांढरा नाही. दुकानदार म्हणाला, "घेऊन जा बाबा, माझी बायको त्याला कावीळ म्हणते." मोटर आर्विडच्या मित्राने दिली. बदल्यात मी त्याला हिवाळ्यापुरत्या पेस्टी, म्हणजे मांस भरलेल्या मोठ्या करंज्या, भाजून द्यायच्या, आतल्या सारणात सलगमासारखा रुटाबागा कंद भरपूर.

सगळं सुरळीत चाललं होतं म्हणून आर्विडला संशय आला. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने तो बोट पुढून ठोकत निघाला. टक, टक, टक. मागे मोटर टांगायच्या भिंतीशी आला आणि आवाज बदलला. थप. थप.

"काय झालं?" लेम्पीने विचारलं.

"पाठ गेली हिची. फायबरच्या दोन पापुद्र्यांमध्ये प्लायवूड असतं. मोटरच्या बोल्टांतून इतकी वर्षं पाणी आत मुरलंय. मोटर लावली तर पाठीसकट खाली जाईल."

"बाहेरून तर चांगली दिसते."

"तूही दिसतेस. गुडघ्यांना विचार."

आतलं फायबर कापलं तर लाकूड ओल्या पावासारखं हाताला आलं. लेम्पीने बादलीभर काढलं, पुन्हा हात घातला. मी म्हटलं, "राहू दे, आज पुरे." ती म्हणाली, "आइली, तू घरी जा हवं तर." माझंच घर ते! मी दुसरी बादली आणली.

नवं प्लायवूड मापाने कापायला आर्विडला अवघड गेलं नाही. अडचण रेझिनची होती. काचेच्या कापडावर रेझिन लावून थर चढवायचे, ते वाळून दगड झाले पाहिजेत. त्याला ऊब लागते, आणि आमच्याकडे मे महिन्यात ऊब कुठली? पहिला नमुना लावून पाहिला तर दुसऱ्या दिवशीही कच्च्या पाकासारखा चिकट. जून लागला तरी सकाळी गवतावर दहिवर गोठलेलं.

शनिवारी आम्ही तिघं सौनात वरच्या फळीवर बसलो होतो. आर्विडने पळीभर पाणी तापल्या दगडांवर टाकलं, वाफ अंगावर आली, आणि तो एकदम म्हणाला, "ती इथे का नाही बसत?"

"कोण?"

"जूडी."

आमची सौना अंगणाच्या कडेला आहे, भट्टीचं तोंड मागच्या बाजूला, बाहेर. त्यामुळे आत जाळ नसतो, नुसते तापलेले दगड. आर्विडने ट्रॅक्टरने बोट मागे ढकलत आणून तिची पाठ सौनाच्या उघड्या दाराला भिडवली. वरून तंबूचं उरलेलं कापड टाकून फट बुजवली. रस्त्याने जाणारे गाड्या हळू करून बघायचे. पाद्री तर उतरूनच आला. "आर्विड, ही सौनात चाललीय की सौनातून आली?" त्याने विचारलं.

"अजून कपडे काढतेय," आर्विड म्हणाला.

पुढच्या शनिवारी सकाळी मंद आच लावली, नुसती कोमट ऊब. दुपारपर्यंत आम्ही नवं प्लायवूड बसवून त्यावर कापडाचे थर चढवले. रेझिनचा वास डोक्यात जात होता. रेझिन पेट घेतं म्हणून आर्विडने पाण्याची बादली आत आणून ठेवली. मग आम्ही दोघं जेवायला निघालो. लेम्पी म्हणाली, "मी बसते इथे. कापडाची एक कड उचलून ठेवते, वास जाईल."

आम्ही पानावरून उठतच होतो, तेवढ्यात खिडकीतून मला तंबूच्या कापडाखालून पांढरं काहीतरी निघताना दिसलं. आर्विड हातातला काटा तसाच घेऊन पळाला. आग नव्हती. वाफ होती. लेम्पी खालच्या फळीवर ताठ बसली होती, हातात लाकडी पळी, आणि दगड अजून चरचरत होते.

"लेम्पी! पाणी टाकलंस?"

"मी?" तिने हातातल्या पळीकडे पाहिलं. "मी... आर्विड, शनिवार आहे ना."

आमच्या लोकांत कोणालाही तापल्या दगडांजवळ बादली देऊन शनिवारी एकटं बसवा, तो दुसरं काय करणार? हात आपोआप जातो. पण ओलं रेझिन आणि वाफ यांचं वैर आहे. वरचे थर दुधासारखे पांढरे पडले, आणि संध्याकाळी आर्विडने कोपऱ्यात नख घातलं तर साय निघावी तसे सुटून आले.

लेम्पी रडली नाही. पळी तिने खुंटीला लावली, पुन्हा काढली, पदरी पाप पडल्यासारखी आर्विडच्या हातात दिली.

"डेलला फोन कर," ती म्हणाली. "विकून टाक म्हणावं. पाण्यावरून जायचं म्हणते, आणि पाणीच ओतून मी..."

"तू गप्प बस," आर्विड म्हणाला. "आतलं लाकूड ठीक आहे. वरचे थर घासून काढायचे आणि पुन्हा लावायचे. रेझिन मात्र संपलं."

ती घरी गेली. मला वाटलं, सुटला हिचा धीर. रविवारी चर्चलाही आली नाही. सोमवारी तिची गाडी अंगणात शिरली आणि मागच्या सीटवरून तिने रेझिनचा डबा ओढून काढला. गावाबाहेर एक जण स्नोमोबाइलची, म्हणजे बर्फावरच्या गाड्यांची, फुटकी बॉनेटं जोडून देतो, त्याच्याकडून आणला होता. लेम्पी चिंध्यांच्या सतरंज्या विणते. बैठकीच्या खोलीतली मोठी, रेनोच्या शर्टांच्या पट्ट्यांची, त्या बॉनेटवाल्याच्या बायकोच्या डोळ्यांत कधीची भरलेली.

"अगं, ती दिलीस?"

"जमिनीवर तर होती," लेम्पी म्हणाली. "तोंडाला बांधायला फडकं दे. घासणार मी. कोणी मध्ये यायचं नाही."

दोन दिवस तिने एकटीने घासलं. रात्री तिची बोटं वळायची नाहीत, कप मी धरायचे. थर पुन्हा चढवले तेव्हा आर्विडने बादली गोठ्यात नेऊन ठेवली आणि पळी स्वतःच्या कमरेला खोचून फिरला. पाठ वाळेपर्यंत सौना बंद. आमच्या लग्नानंतर पहिल्यांदा घरात सौनाविना शनिवार गेला. आंघोळ केली, पण तिला आंघोळ म्हणवत नाही.

युहान्नुसच्या आदल्या दिवशी डेल आला. काविळीच्या रंगाची बोट त्याने चारी बाजूंनी पाहिली. मागे जाऊन पाठीवर मूठ मारली. दगडासारखा आवाज आला. पुन्हा मारली.

"कोणी केलं हे?"

"तुझ्या आईने. आधी बिघडवलं, मग केलं," आर्विड म्हणाला.

"मी येणार बरोबर," डेल म्हणाला. "आणि आई, लाइफ जॅकेट."

"त्यात मी सजवलेल्या टर्कीसारखी दिसते."

"दिस."

सकाळी पाणी शांत होतं. मोटर दोनदा खोकली आणि लागली. लेम्पी पुढे, मी तिच्याशेजारी, आर्विड सुकाणूच्या चाकाशी. डेल मात्र अख्खा रस्ता मागे गुडघ्यांवर बसून होता, एक हात पाठीच्या जोडावर, दुसरा खाली तळाच्या फळीखाली. मधूनमधून तो बोटं बाहेर काढून बघायचा. कोरडी. आम्ही सगळे त्याच्या बोटांकडे बघत होतो. बेटाकडे फक्त लेम्पी बघत होती.

धक्का एका बाजूला कलला होता. डेलने आधी उडी मारली आणि आईला हात दिला. तिने तो घेतला, पण पाय टेकताच सोडला आणि सरळ वर गेली. दाराचं कुलूप गंजलेलं, खिडकीत मेलेल्या माश्यांचा खच, आत दमट गादीचा आणि जुन्या धुराचा वास. मी उंबऱ्यात क्षणभर थांबले. सगळ्या मुलांच्या उंचीच्या रेघा चौकटीवर तशाच होत्या. लेम्पी तोवर केरसुणी घेऊन कामाला लागली होती.

बेटावर फोन लागतो तो एकाच ठिकाणी, सौनामागच्या मोठ्या खडकावर. डेल तिथे चढला. वारा उलटा होता, त्यामुळे त्याला ओरडावं लागत होतं आणि आम्हाला सगळं ऐकू येत होतं.

"नाही... नाही हो. विकायचा नाही... किमतीचा प्रश्नच नाही." मग बराच वेळ तो ऐकत राहिला. "येतात ना, पोहोचलेत इथे... स्वतःच्या बोटीने... हो, आहे. चांगली आहे. मी तपासलीय."

आर्विडने माझ्याकडे पाहिलं. मी लेम्पीकडे. तिची केरसुणी थांबली नव्हती, पण ती एकाच जागी फिरत होती, जिथे केर कधीच संपला होता.

डेल खाली आला, दारात उभा राहिला.

"उभा काय राहिलास?" लेम्पी मान वर न करता म्हणाली. "लाकडं फोड. कॉफी कशावर करू, तुझ्या डोक्यावर?"