दिपमालाचा मगरमासा

धुळ्यातल्या अभिमन काचवाल्याने बायकोसाठी मगरमासा, म्हणजे मगरीसारख्या तोंडाचा परदेशी मासा आणला, तेव्हा तो बोटाएवढा होता. अर्धांगवायूने दिपमालाची डावी बाजू गेली होती. मूलबाळ नव्हतं; दिवसभर छताकडे बघत पडून राहायची. खाटेशेजारी काचेची टाकी आली आणि बाई पुन्हा बोलू लागली. उजव्या हाताने ती कोळंबी टाकायची, मासा लांब जबडा उघडून झडप घालायचा, आणि ती खुदकन हसायची. त्या हसण्यासाठी अभिमनने काहीही केलं असतं.

मासा वाढतच गेला. अभिमनने पाच फुटी टाकी जोडली, मग आठ फुटी. त्यापुढे भिंत होती. चौथ्या वर्षी माशाला धड वळताही येईना.

"अहो, याची पाठ वाकलीय," एक दिवस दिपमाला म्हणाली.

त्याला ते केव्हाच दिसलं होतं. बोलायचा धीर होत नव्हता.

तापीत सोडावा म्हणून तो ओळखीच्या जीवराम मासेमाराकडे गेला. मोबाइलवरचा फोटो बघून जीवरामने फोन परत केला.

"हाऊ नदीमा नको सोडू, भाऊ. आठला बठ्ठा मासा खाई जाई. मंग आमनं कसं व्हई?"

हा नदीतले सगळे मासे फस्त करील, हे अभिमनला पटलं; तो मान खाली घालून परतला. एवढा मासा ठेवून घ्यायला कुणीच तयार होईना. जनावरांचे डॉक्टर घरी येऊन बघून गेले. मणका आता सरळ होणार नव्हता. पाण्यात लवंगेचं तेल जास्त घातलं की मासा गुंगतो आणि पुन्हा उठत नाही, एवढंच त्यांनी सांगितलं.

अभिमनने बायकोपासून काही लपवलं नाही. ऐकून ती भिंतीकडे तोंड करून पडली. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाली, "मला उठवून बसवा. माझ्या हातचं खाऊन जाऊ दे त्याला."

त्याने तिला उशीला टेकवून बसवलं. तिने एकेक करून सगळी कोळंबी टाकली. मासा वाकड्या अंगाने कसाबसा वर येत होता, खात होता. वाटी रिकामी झाल्यावर अभिमनने तेल ओतलं. अर्धं बाहेर सांडलं. पुन्हा बाटली आणावी लागली. घरभर लवंगेचा वास भरला. दिपमाला काचेवर तळवा टेकवून बसली होती. कल्ले हलायचे थांबले, तरी तिने हात काढला नाही.

"माझ्या करमणुकीपायी गेला हो तो," ती म्हणाली.

"टाक्या मी बनवल्या," अभिमन म्हणाला, आणि तिच्या खाटेवर बसून ओक्साबोक्शी रडला.

दुपारी त्याने घरामागे मासा पुरला. बादली घेऊन टाकी उपसायला आला, तेव्हा तिने त्याचा सदरा धरला.

"पाणी आज नका काढू."

आठवडा झाला. ते अजून तसंच आहे.