पार्वतीबाईंचा पहिला प्रश्न

भरदुपारी दिल्लीतल्या मयूर विहारच्या फ्लॅटमध्ये एकट्या असताना पार्वतीबाईंच्या छातीत कळ आली, आणि त्यांच्या तोंडचं पाणीच पळालं. जिभेखाली ठेवायची गोळी कुठे? सुजयच्या ऑफिसच्या बॅगेत! आई विसराळू, हरवून बसेल, म्हणून या गुणी मुलाने ती जिवापाड सांभाळली होती. आणि स्वारी मेट्रोत. फोन लागेना.

कशाबशा उठून त्यांनी समोरचं दार ठोठावलं. शेजारच्या निवृत्त शिक्षिका विनयाताईंची स्वतःची बायपास झालेली. त्यांनी बाईंना खुर्चीत बसवलं, तडक ॲम्ब्युलन्स बोलावली, मग विचारलं, "गोळी कधी घ्यायची, सांगितलंय ना?"

"सुजयला सांगितलंय."

"आणि छाती कुणाची दुखतेय?"

पार्वतीबाईंना रडू फुटलं. "फार भीती वाटते हो! स्टेंट घातल्यापासून दोन पावलं चाललं तरी वाटतं, संपलं आता."

विनयाताईंसोबत हॉस्पिटलात वेळेवर पोचल्या म्हणून निभावलं. संध्याकाळी डॉक्टरांनी विचारलं, "माँजी, घर में चलती-फिरती हैं?"

धावत आलेला सुजय नेहमीप्रमाणे पुढे सरसावला. "बिल्कुल नहीं सर, हम उठने ही नहीं देते."

"अरे, प्रेमापोटी तू त्यांना मुकं करून टाकलंस!" विनयाताई कडाडल्या. "धोक्याचं काय नि साधं काय, हेच कळलं नाही तर माणूस प्रत्येक ठोक्याला घाबरणार. तू ऑफिसात गेलास की त्यांनी कुणाला विचारायचं?"

बॅग उघडून सुजयने गोळ्या आईच्या हातात ठेवल्या.

आपल्या हिंदीला डॉक्टर हसतील, ही धास्ती बाईंना कायमची. तरी त्या बोलल्या, "डॉक्टरसाब, मेरेको बहुत डर लगता है. चलने से धडधड होता है, वो ठीक है क्या? कौनसा दर्द खराब?"

डॉक्टर हसले नाहीत. खुर्ची ओढून बसले. चालल्यावर ठोके थोडे वाढणारच. पण छाती आवळली, घाम फुटला, तर जागीच बसायचं, गोळी जिभेखाली ठेवायची, ॲम्ब्युलन्स बोलवायची. सगळं त्यांनी बाईंकडूनच वदवून घेतलं. बाई चुकल्या, तेव्हा पुन्हा सांगितलं.

पुढे डॉक्टरांच्या परवानगीने त्या पहिल्यांदा एकट्या बागेकडे निघाल्या, तेव्हाही बरोबर घेतलेली गोळी त्यांनी दोनदा चाचपून पाहिली.

"आई, मी येऊ?"

"नको रे. काही झालंच तर काय करायचं, ते आता मला ठाऊक आहे."

वाचकहो, घरातल्या वडीलधाऱ्यांची काळजी जरूर घ्या. पण त्यांचं दुखणं आधी त्यांना समजू द्या. आणि डॉक्टरांनी प्रश्न त्यांना विचारला असेल, तर कृपा करून आपण गप्प बसा!