दादासोंच्या दारावरचं फूल

राहीबाईंनी ब्रश लाल डब्यात बुडवला, काठावर निथळला आणि दादासोंच्या दारापुढं उभ्या राहिल्या. मागं मीटरची वही घेऊन पंचायतीची सृष्टी.

"किती म्हणालीस?"

"बारा हजार लिटर. गल्लीची सरासरी आठ."

जतकडच्या त्या गावात नळांना मीटर बसले, पण पंचायतीनं दंड ठेवला नाही. सरासरीहून कमी पाणी वापरणाऱ्याच्या दारावर हिरवं फूल, जास्त वापरणाऱ्याच्या दारावर लाल, एवढंच. शेजारचं दार बघून माणसं आपणहून नळ बंद करू लागली. म्हातारीशी कोण भांडणार, म्हणून रंगवायचं काम राहीबाईंकडं आलं. त्यांनी ते घेतलं, ते या एका दारासाठी.

बावीस वर्षांपूर्वीच्या दुष्काळात दादासो सरपंच होते. टँकरपाशी काठी घेऊन उभे राहायचे. राहीबाईंचा नवरा पहाटे गेला. त्याच्या शेवटच्या आंघोळीपुरती घागर मागायला त्या गेल्या, तर भरल्या रांगेत ते म्हणाले होते, "मढ्याला कसली घाई? रांगेत ऱ्हा." घागर भरली तेव्हा ऊन उतरलं होतं.

दादासो काठी टेकत बाहेर आले.

"आवं राहीबाई, आमची कारभारीण अर्जुना अंथरुणाला खिळलीय. रोज चादरी धुवाव्या लागत्यात. एवढा महिना सांभाळून घ्या. लोक काय म्हणत्याल?"

"लोकांनी बघावं म्हणूनच काढत्यात, दादासो."

त्यांनी एकेक पाकळी भरून फूल काढलं. एवढं मोठं गल्लीत कुणाच्याच दारावर नव्हतं. त्या दिवशी त्या पोटभर जेवल्या.

आठवड्यानं समोरच्या घरातून दादासोंची सून सोनिया आली आणि राहीबाईंच्या ओट्यावर बसली. तिला जुनं काही ठाऊक नव्हतं.

"मामंजींनी नळाला कुलूप घातलंय, काकू. दिवसाला चार घागरी. चादर दोन दिवसांनी बदला म्हणत्यात. आत्याबाईंच्या पाठीला फोड आल्यात, पर फूल हिरवंच पायजे."

ज्वारी निवडणारा राहीबाईंचा हात सुपात तसाच राहिला.

"चादरी हिकडं आणत जा."

"आन् मामंजी?"

"दिसंल त्यांना."

मग राहीबाईंच्या दोरीवर, दादासोंच्या ओट्याच्या अगदी समोर, रोज चादरी वाळू लागल्या. तिसऱ्या दिवशी दादासोंनी आपली खुर्ची भिंतीकडं फिरवून घेतली.

महिना भरला. दादासोंचा आकडा पाच हजारांवर आला होता. राहीबाईंनी जुनं फूल खरवडून तिथं हिरवं काढलं. मग सृष्टी त्यांच्या स्वतःच्या मीटरपाशी वाकली आणि पुन्हा वाकली.

"आजी, तुमी तर एकट्या. नऊ हजार कसं? मीटर बिघडलाय वाटतं."

"मीटर बरोबर हाय. लाल डबा दे."

त्यांनी आपल्या दारावर फूल काढलं, घाई न करता. सगळी गल्ली बघत होती. मग त्या वळल्या आणि समोरच्या ओट्याकडं बघून मोठ्यानं म्हणाल्या,

"दादासो, जरा हिकडं बघा. नीट आलंय न्हवं?"

दादासोंनी काठी हातात घेतली. मान मात्र वर झाली नाही.